दहाव्याला कावळा का शिवत नाही? पिंड, पक्षी आणि मागे राहिलेल्यांचा विश्वास

पडवी (धागाकर्ती)

दशक्रियेच्या दिवशी घाटावर काय होतं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पिंड मांडतात, मंडळी मागे सरतात आणि कावळ्याची वाट बघणं सुरू होतं. लगेच शिवला तर ‘सुटला जीव’ म्हणतात. नाही शिवला की एकेक जण हात जोडून पुढे येतो. ‘धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ’, ‘आईला अंतर देणार नाही’, ‘वाटणीवरून भांडणार नाही’. कशावर तरी कावळा येतो आणि सगळे म्हणतात, ‘बघा, यातच जीव अडकला होता.’

मेल्यानंतर माणूस उरतो का, यावर वाद घालणारे लोकही या क्षणी गप्प होतात. म्हणून धागा काढला आहे. विधीत नेमकं काय सांगितलंय, कावळा कशामुळे येतो वा येत नाही आणि हा विश्वास इतका घट्ट का बसतो, या तीन बाजूंनी जाणकारांनी लिहावं. घरचे अनुभव इथे नकोत. ते लिहायला लागलो की माहिती मागे पडते.

दर्भमुष्टी

आधी विधी. दहनाच्या वेळी पाण्याने भरलेला मडका खांद्यावर घेऊन चितेला फेऱ्या घालतात आणि दगडाने त्याला भोक पाडतात. तो दगड म्हणजे अश्मा. बोलीत जीवखडा. पुढचे दहा दिवस त्यावर तिलांजली द्यायची, म्हणजे अश्मा हा मृताच्या जागी. दहाव्याला त्याचं विसर्जन होतं. तो हरवला तर किती पंचाईत होते ते घाटावरच्या कुणालाही विचारा, म्हणून पहिल्याच दिवशी फडक्यात बांधून एका माणसाच्या ताब्यात द्यावा.

रोज एक असे दहा पिंड. गरुडपुराणाच्या मांडणीत या पिंडांनी प्रेताला नवा देह मिळतो: पहिल्या दिवशी डोकं, दुसऱ्या दिवशी मान आणि खांदे, तिसऱ्या दिवशी हृदय, मग पाठ, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे, पाय, आणि दहाव्या दिवशी भूक-तहान. अवयवांचा क्रम ग्रंथागणिक थोडा बदलतो. दहाव्याला भूक का, ते लक्षात घ्या. देह पूर्ण झाला आणि आता तो खाऊ शकतो. कावळ्याचं महत्त्व नेमकं याच दिवशी का वाढतं, याचं उत्तर मला इथे दिसतं.

हल्ली बहुतेक घरांत दहाही दिवसांचं काम दहाव्यालाच एकत्र करतात. नाशिकचा रामकुंड, पुण्याचा ओंकारेश्वर, मुंबईचं बाणगंगा, सगळीकडे तेच. कर्ता दक्षिणेकडे तोंड करतो, अपसव्य करतो (म्हणजे जानवं उजव्या खांद्यावर घेतो), आणि तीळमिश्रित पाणी अंगठा व तर्जनी यांच्या मधून सोडतो. पिंड भाताचा किंवा पिठाचा, त्यात काळे तीळ, वर तूप-मध. आकार साधारण कवठाएवढा. एक वाटी म्हणजे दीडशे ग्रॅम तांदळाच्या भाताचे शंभर-शंभर ग्रॅमचे चार पिंड होतात. भात मऊ हवा पण पाणचट नको. पाणचट झाला की पिंड बसतो, मोकळा झाला की फुटतो.

बाराव्याला सपिंडीकरण. प्रेताच्या लांबट पिंडाचे तीन भाग करून ते आधीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात. मृत व्यक्ती ‘प्रेत’ न राहता ‘पितर’ होते ती इथे, कावळा शिवतो तेव्हा नव्हे. हे ठळक करून सांगतो, कारण ‘कावळा शिवला नाही म्हणजे गती मिळाली नाही’ ही भीती विधीच्या स्वतःच्या तर्कातही बसत नाही. गरुडपुराणातही पिंडाचे चार वाटे सांगितले आहेत: दोन देहाच्या घडणीला, एक यमदूतांना, एक प्रेताला. त्या वाटणीत कावळा नाही.

सोनचाफा

मग कावळा आला कुठून?

दर्भमुष्टी

काकबली जुना आहे. श्राद्धात गाय, कुत्रा, मुंगी यांच्याबरोबर कावळ्याचाही घास काढतात. आणि यमाशी त्याचं नातं जोडणारी कथा रामायणाच्या उत्तरकांडात आहे. मरुत्त राजाच्या यज्ञात रावण येतो तेव्हा घाबरलेले देव प्राण्यांची रूपं घेतात. इंद्र मोर होतो, वरुण हंस, कुबेर सरडा आणि यम कावळा. संकट टळल्यावर यम कावळ्याला वर देतो की माझ्या लोकातले भुकेले जीव तू जेवलास की तृप्त होतील. म्हणजे कावळा हा पोचवणारा. तो मृताची मर्जी सांगणारा साक्षीदार आहे, असं या कथेत कुठेही नाही. ती भर लोकाचाराची. लोकाचाराला मी कमी लेखत नाही, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

पाणकावळा

आता पक्ष्याकडून बघू. घाटावर दोन जाती दिसतात. मानेभोवती राखाडी पट्टा असलेला गावकावळा, आणि सबंध काळा, जाड चोचीचा डोमकावळा. गावकावळ्याचं वजन साधारण तीनशे ग्रॅम. शंभर ग्रॅमचा एक पिंड म्हणजे त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा! वर्दळीच्या घाटावर सकाळपासून दहा-पंधरा घरांचे पिंड मांडले गेले असतील, तर अकरा वाजता येणाऱ्या घरासमोर जे कावळे बसलेत ते भरल्या पोटाचे आहेत. ते येतात, बघतात, उडून जातात. त्या घराला वाटतं आपल्याच माणसाचं काहीतरी राहिलं.

न शिवण्याची कारणं, जी वारंवार दिसतात ती:

एक म्हणजे माणसांचं कडं. वीस-पंचवीस जण पाच पावलांवर उभे राहून टक लावून बघतात. कावळा माणसाची नजर ओळखतो. सिॲटलमधल्या कावळ्यांवरच्या प्रयोगात थेट त्यांच्याकडे बघत येणाऱ्या माणसापासून ते लवकर उडाले, नजर दुसरीकडे असलेल्या माणसाला त्यांनी जास्त जवळ येऊ दिलं. घाटावर आपण बरोबर उलटं करतो. जितकी आतुरता जास्त तितकी नजर रोखलेली, आणि तितका तो लांब. आता त्यात उंचावलेले मोबाइल धरा.

दुसरं, नवी वस्तू. कावळा अनोळखी वस्तूला बिचकतो. चकचकीत स्टीलचं ताट, फडफडणारी प्लॅस्टिकची पिशवी, थर्मोकोलची पत्रावळ यांच्यापेक्षा केळीचं पान किंवा साधा दगडी ओटा बरा.

तिसरं फार कमी लोकांना माहीत असतं. मिटलेली काळी छत्री किंवा हातात लोंबणारं काळं कापड कावळ्याला मेलेल्या कावळ्यासारखं दिसू शकतं. कॉनराड लोरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाच्या हातात पोहण्याची काळी चड्डी होती, तेवढ्यावरून त्यांच्या ओळखीच्या जॅकडॉ पक्ष्यांनी (ही कावळ्याच्याच कुळातली जात) त्यांच्यावर हल्ला केला होता. मेलेला कावळा जिथे दिसला तिथे बाकीचे गोळा होऊन ओरडतात आणि नंतर काही दिवस तिथे खायला उतरायला कचरतात.

चौथं, ओळख. वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांच्या गटाने २००६ मध्ये एक विशिष्ट मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि सोडले. पुढची कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे ओरडत अंगावर यायचे, ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेसुद्धा. ज्या घाटावर पोरं कावळ्यांना दगड मारतात तिथे कावळे लांब राहणारच.

आणि ऋतू. साधारण एप्रिल ते जुलै घरटी असतात. जोडपं आपल्या हद्दीत दुसऱ्यांना येऊ देत नाही, त्यामुळे थवा जमत नाही. घार घिरट्या घालत असेल, जवळ कुत्रं असेल, तरीही नाही.

सर्वांत चांगली वेळ सकाळची. रात्रथाऱ्यावरून उजाडताना ते भुकेले निघतात. नऊच्या आत पिंड मांडता आले तर चित्र बदलतं.

कुडाळकर

पाणकावळा यांच्याशी सहमत, एक भर घालतो. कोकणात आणि गोव्यात मासळी बाजाराजवळच्या कावळ्याला भाताचा गोळा म्हणजे काहीच नाही. त्याला तेल-तूप आणि मांसमासळी आवडते. पिंडाशेजारी मृताच्या आवडीचे पदार्थ ठेवतात त्यात भजी, वडा, बुंदी असली की कावळा आधी तिकडे जातो. मग वाद होतो की हा स्पर्श धरायचा का. बहुतेक ठिकाणी धरतात. न धरणारे मूळ पिंडावर चोच पडेपर्यंत थांबतात आणि तासभर उन्हात बसतात. तुपाचं प्रमाण वाढवा, पिंडाला वरून अर्धा चमचा जास्त तूप लावा, फरक दिसेल.

शून्यलब्धी

धाग्याचा तिसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं गणित.

समजा कावळा कुठल्याही पाच मिनिटांत शिवण्याची शक्यता पाचात एक आहे, आणि तिचा कुणाच्या बोलण्याशी काही संबंध नाही. आकडा उदाहरणासाठी घेतलाय. अर्ध्या तासात, म्हणजे अशा सहा खेपांत, तो एकदाही न शिवण्याची शक्यता ०.८ चा सहावा घात, म्हणजे साधारण २६ टक्के. तासाभरात ती ७ टक्क्यांवर येते. थोडक्यात, धीर धरणाऱ्या घरांपैकी बहुतेकांकडे कावळा येतोच.

आता खरा मुद्दा. या वेळात नातेवाईक दर दोन-तीन मिनिटांनी एक वचन देत असतात. कावळा कधीही आला तरी त्याच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत कुणीतरी काहीतरी बोललेलं असणारच. आणि तो आला की वचनं देणं थांबतं. शेवटचं वचन हेच उत्तर ठरतं, कारण त्यानंतर प्रश्नच विचारला जात नाही. आधीची सहा वचनं ‘चुकली’ असं कुणी मोजत नाही, ती विसरली जातात. शोध नेहमी शेवटच्या जागीच संपतो, कारण सापडल्यावर कुणी शोधत नाही. इथे तसंच आहे.

वचनांचा क्रमही पाहा. आधी किरकोळ गोष्टी बोलल्या जातात. वेळ लांबला की घरातली जड गोष्ट बाहेर येते: न फिटलेलं कर्ज, न बोलणारे भाऊ, विधवा सून. त्यामुळे उशिरा आलेला कावळा बरोबर जड गोष्टीवरच येतो. ऐकणाऱ्याला ते चकित करणारच.

बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये कबुतरांवर एक प्रयोग केला. कबुतर काहीही करो, ठरावीक वेळाने दाणा पडायचा. आठांपैकी सहा कबुतरांनी आपापली एक लकब धरली. कुणी गोल फिरायचं, कुणी मान झटकायचं, जणू त्यानेच दाणा येतो. दाण्याच्या वेळी जे चाललं होतं ते घट्ट बसलं. माणसाचं मन यापेक्षा फार गुंतागुंतीचं आहे, पण ही खाच त्यातही आहे.

सोनचाफा

गणित पटलं. पण एक प्रांजळपणे विचारते. दहा दिवसांपूर्वी जिचा नवरा गेला तिला हे गणित कुणी सांगायचं? आणि कावळा असा येतोच हे माहीत असूनही लोकांना माणूस जवळ असल्यासारखं का वाटतं?

अंतर्नाद

सोनचाफाताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. तो मुळाचा आहे.

ड्युई रीस या डॉक्टरांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा काही ना काही अनुभव आला होता. सुमारे ३९ टक्क्यांना तो जवळ असल्याची जाणीव, १४ टक्क्यांना दिसणं, १३ टक्क्यांना आवाज ऐकू येणं. हे लोक मनोरुग्ण नव्हते आणि बहुतेकांनी हे कुणाला सांगितलंही नव्हतं. चाळीस वर्षं जिन्यावरची पावलं ओळखणारा मेंदू आठवड्यात ती अपेक्षा सोडत नाही. कपाटाचा दरवाजा वाजला की तो आधी ओळखीचा अर्थ लावतो. म्हणून असा भास होणाऱ्याला ‘वेड लागलं’ म्हणू नका आणि ‘भूत आहे’ म्हणून मांत्रिकाकडेही नेऊ नका. ऐकून घ्या. झोप, जेवण, कामं महिनोन्महिने विस्कळीत राहिली किंवा जगणं नको वाटायला लागलं तर मात्र मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

मुलांमध्ये हे अजून स्पष्ट दिसतं. जेसी बेरिंग आणि डेव्हिड ब्योर्कलंड यांनी २००४ मध्ये मुलांना एका उंदराची बाहुली दाखवली, जिला मगर खाते. मग विचारलं, उंदराला आता भूक लागेल का? मेंदू चालेल का? आईची आठवण येईल का? शरीराची कामं थांबली हे पुष्कळ मुलं सांगतात. पण ‘आईवर प्रेम आहे का’ याला ती जास्त वेळा ‘हो’ म्हणतात, आणि लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त. म्हणजे मन संपतं ही कल्पना शरीर संपतं या कल्पनेपेक्षा अवघड आहे. स्वतःचं नसणं आतून कल्पिता येत नाही, तसंच काहीसं.

माझ्या मते या धाग्याला सर्वांत लागू पडणारा अभ्यास मादागास्करचा आहे. रीटा अस्तुती आणि पॉल हॅरिस यांनी २००८ मध्ये वेझो या किनाऱ्यावरच्या मासेमार समाजात लोकांना मेलेल्या माणसाबद्दल प्रश्न विचारले. गोष्ट प्रेताच्या संदर्भात सांगितली की लोक ‘आता काही चालू नाही’ म्हणायचे. तीच गोष्ट थडगं आणि पूर्वजांच्या विधीच्या संदर्भात सांगितली की ‘तो ऐकतो, त्याला आठवतं’ म्हणणारे वाढले. एकाच माणसाच्या डोक्यात दोन्ही समजुती असतात. जागा आणि विधी त्यातली एक पुढे आणतात. रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये ‘गेले’ म्हणणारा मुलगा दहाव्या दिवशी घाटावर ‘बाबा, काळजी करू नका’ म्हणतो. तो खोटं बोलत नाही, त्याच्यात विसंगतीही नाही. घाट त्याला दुसऱ्या भाषेत उभा करतो.

आता पहिला प्रश्न. दहाव्याच्या सकाळी गणित सांगायचंच नाही. त्या वेळी दिलेली वचनं उपयोगाची असतात. चार लोकांसमोर उच्चारलेलं ‘आईला अंतर देणार नाही’ पुढे आठवण करून देता येतं. एकांनी ती सगळी वहीत टिपून ठेवावीत असं मी सुचवेन, कावळा ज्यावर आला ते एकच नव्हे.

दर्भमुष्टी

वहीची सूचना उत्तम. पुरोहितांनीही सांगायला हरकत नाही.

निरंजन_वाई

गोड बोलून झालं, आता नुकसानीचंही बोला. कावळा शिवला नाही की काही ठिकाणी लगेच ‘पितृदोष आहे, शांत करावी लागेल’ सुरू होतं. दुःखात बुडालेलं घर तेव्हा कशालाही हो म्हणतं. मग त्र्यंबकेश्वरच्या तीन दिवसांच्या नारायण नागबळीपर्यंत गाडी जाते, आणि प्रवास, मुक्काम, दक्षिणा यांसाठी कर्ज निघतं. ज्याची श्रद्धा आहे त्याने तो विधी सवडीने, खर्च आधी लिहून घेऊन करावा. दहाव्याच्या घाटावर, घाबरून, कबूल करू नये.

यापुढची पायरी जास्त वाईट. घरात नंतर कुणी आजारी पडलं की ‘त्याचाच आत्मा धरतोय’ म्हणून बाईला मारहाण, मिरचीची धुरी. हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. भुताला बोलावीन अशी धमकी देऊन घबराट पसरवणंही त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. पिंडदान, श्राद्ध किंवा कावळ्याला घास ठेवणं हा गुन्हा नाही, हेही सांगायला हवं, कारण उलटी अफवा मुद्दाम पसरवली जाते.

श्राद्धावर प्रश्न विचारणंही परकं नाही. चार्वाकांनी विचारलं होतं की इथे वाढलेलं मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला न्यावी, घरी कुणालातरी जेवू घालावं! रामायणात जाबालीही रामाला हेच म्हणतो. हा वाद आपल्याच घरातला आहे.

मोका_किनारा

मॉरिशसहून. इथे गावकावळा जहाजांबरोबर आला आणि बंदराच्या बाजूला स्थिरावला, त्यामुळे मराठी घरांना पक्षी परका नाही. पण बेटावर सगळीकडे तो नाही. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही तो आहे, आणि तिथे इतर पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो म्हणून त्याला हटवायच्या मोहिमा चालतात. इंग्लंडमध्ये गावकावळा नाही, तिथला काळा कावळा माणसापासून लांब राहतो. परदेशात उघड्यावर अन्न ठेवण्याचे स्थानिक नियम आधी बघावेत.

पाणकावळा

एक काळजीची गोष्ट राहिली. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे बर्ड फ्लूने मेले. घाटावर मेलेला किंवा मान वाकडी करून बसलेला कावळा दिसला तर हात लावू नका, मुलांना लांब ठेवा, पशुसंवर्धन विभागाला कळवा. त्या दिवशी तिथे पिंड मांडू नका. मेलेल्या कावळ्याजवळ बाकीचे उतरणारही नाहीत.

पडवी

सगळ्यांचे आभार. शेवटचा व्यावहारिक प्रश्न. कावळा नाहीच आला तर किती थांबायचं आणि मग काय करायचं?

दर्भमुष्टी

पिंड उंच, मोकळ्या, सपाट जागी पानावर ठेवा. शेजारी पाण्याचं द्रोण. सगळ्यांनी निदान पंचवीस-तीस पावलं मागे जाऊन पाठ करून किंवा मान खाली घालून बसा, छत्र्या खाली, मोबाइल खिशात. ज्याला बोलायचं असेल त्याने पिंडाकडे धावत न जाता बसल्या जागेवरून बोला. वीस मिनिटं पुरे. घरात म्हातारी माणसं, मधुमेही, उपाशी मुलं असतील तर त्याहून कमी.

नंतर दर्भाचा कावळा. लांब दर्भाच्या काड्या घ्या, जुडी मधोमध दुमडा, दुमडलेल्या टोकाखाली एक गाठ मारा म्हणजे डोकं आणि चोच होते, उरलेली टोकं म्हणजे शेपूट. दर्भ कोरडा असेल तर मोडतो, म्हणून आधी पाच मिनिटं पाण्यात भिजवा. त्याच्या चोचीचा पिंडाला स्पर्श करायचा. पिंड गाईला घाला किंवा पाण्यात सोडा, प्लॅस्टिकची पिशवी आणि पत्रावळी मात्र घाटावर टाकू नका. हा तात्पुरता तोडगा नव्हे, रूढीतच मान्य असलेला मार्ग आहे, आणि असा स्पर्श झाल्यावर बाराव्याच्या सपिंडीला काहीही अडत नाही. दर्भ आदल्या दिवशीच आणून ठेवा, घाटावर ऐन वेळी मिळत नाही.